गिरणीकामगारांचा अर्ज

कावसजी दावर यांची सूतगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढील तीस वर्षांत मुंबईत धुराड्यांची रांगच उभी राहिली. कोकणातून व घाटावरून आलेला शेतकरी तेथे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबू लागला. उन्हाळ्याचा दिवस मोठा म्हणून त्या दिवसांत कामही अधिक, रविवारी यंत्रे पुसण्यासाठी बोलावणे, आणि केलेल्या कामाचा पगार हाती पडेपर्यंत महिना उलटून जावा, असा तेथील शिरस्ता होता. नोकरी लावणे व काढणे जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर असल्यामुळे एकट्यादुकट्याने तक्रार करणे म्हणजे भाकरीवर पाणी सोडणेच होते.

ही कोंडी फोडली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे हे अनुयायी रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी करून पुढे एका गिरणीत भांडारपाल झाले होते, म्हणजे गिरणीचा कारभार त्यांनी आतून पाहिलेला होता. आणि कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेले 'दीनबंधु' पत्र १८८० पासून त्यांच्या हाती होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज गिरणीकामाची चौकशी करणाऱ्या सरकारी कमिशनपुढे गुजारला. रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जबर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार व कायमच्या अपंगास निर्वाहाची सोय असावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

हा अर्ज वाचताना मला सर्वांत अधिक जाणवते ती त्याची नेमकेपणाने बोलण्याची शक्ती. ज्याला आपल्या श्रमाचा तास अन् तास ठाऊक आहे, त्याला आर्जवाचा आश्रय घ्यावा लागत नाही. तो अर्धा तास मागतो, तारीख मागतो. लोखंड्यांच्या 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन'ला ना वर्गणी होती ना घटना, म्हणून काही अभ्यासक तिला कामगार संघटना मानण्यास तयार नाहीत. परंतु जॉबरच्या छायेत वावरणाऱ्या हजारो माणसांनी उघडपणे सही करावी, या घटनेचे मोल वर्गणीच्या हिशेबाने ठरवावे हे मला मुळीच पटत नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी रविवारच्या सुटीसाठी मुंबईत पुन्हा सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून मुलींच्या संमतिवयाचा वाद पेटलेला होता आणि तो चालविणारे बहुतेक सारे पुरुषच होते. अशा काळी गिरणीतल्या बायांनी आपल्या रविवाराविषयी स्वतः बोलावे, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासात ठळक अक्षरांनी नोंदविण्याजोगी आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारचा विसावा यांना आधार दिला.

१८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले. दुखापतीच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला; पगाराच्या तारखेचा १९३६ मध्ये. त्याने मोठ्या कारखान्यांस महिना संपल्यापासून दहा दिवसांची मुदत घालून दिली. १८८४ च्या अर्जदारांनी पंधरा दिवस मागितले होते.