दोन टॅना, एक साल

अठराव्या शतकातील इंग्रज आपल्या ठाण्याचे नाव 'टॅना' असे लिहीत. नेमक्या त्याच इंग्रजी अक्षरांनी लिहिले जाणारे एक बेट पॅसिफिक महासागरात आहे. आज ते वानुआतू या देशात मोडते. १७७४ साली इंग्रजांनी या दोन्ही ठिकाणी पाऊल ठेवले, तिकडे ऑगस्टात आणि इकडे डिसेंबरात. 'टॅना येथील अवतरण' या नावाचे जुने छापचित्र प्रथम पाहण्यात आले, तेव्हा ते आपल्या खाडीचेच असावे असे आम्हांस क्षणभर वाटले.

चित्र विल्यम हॉजेस याचे. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या जगप्रवासात हा चित्रकार जहाजावर होता. पुढे १७८० ते १७८३ या काळात तो हिंदुस्थानातही येऊन राहिला. त्याच्या चित्रावरून शेरविन नावाच्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर रेघ न् रेघ कोरली आणि १७७७ मध्ये ते कुकच्या प्रवासवृत्तात छापले गेले. चित्रात होड्यांतून आलेले गोरे आहेत आणि किनाऱ्यावर शस्त्रे घेतलेला जमाव आहे. पाहणाऱ्यास सहजच वाटते की, धाडस होड्यांत आहे आणि धोका किनाऱ्यावर.

आता त्याच प्रसंगाचा कुकने स्वतः लिहिलेला वृत्तान्त वाचावा. बेटकरी सोटे, भाले, धनुष्यबाण घेऊन दोन बाजूंस उभे होते हे खरे. पण मध्ये उतरण्यापुरती जागा मोकळी होती. कुकने त्यांच्या डोक्यांवरून बंदूक झाडविली, मग जहाजावरील तोफा सुरू झाल्या आणि किनारा रिकामा झाला. मुक्काम हलविण्याच्या सुमारास पहाऱ्यावरील एका शिपायाने एका बेटकऱ्यास गोळी घालून ठार केले. कुकला स्वतःला त्याचा संताप आला. या मृत्यूचे चित्र मात्र ग्रंथात नाही.

कोरणारा खोटारडा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु याच सफरीवरील जॉर्ज फोर्स्टर या तरुण निसर्गाभ्यासकाने १७७७ मध्येच आपल्या पुस्तकात अशा दुसऱ्या एका अवतरणचित्राबद्दल तक्रार केली होती. तेथील लोकांना ग्रीक पुतळ्यांचे चेहरे चिकटविले आहेत, असे त्याचे म्हणणे. चित्रातील उणीव दाखविणारा साक्षीदार त्याच जहाजावर होता!

इकडे आपल्या 'टॅना'ची कथा काय? पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास बांधावयास घेतलेला ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी तो हल्ला चढवून घेतला आणि आतील शिबंदीपैकी बहुतेक लोक कापून काढले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. त्याच किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

बेटावरही पुढे काय झाले ते चित्रात येणे शक्यच नव्हते. १८६३ पासून टॅना आणि शेजारच्या बेटांवरील माणसे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या मळ्यांत राबावयास नेली गेली. काही करारावर, काही फसवून, काही जबरीने. १९०१ च्या कायद्याने त्यांची भरती बंद करून बहुतेकांना परत धाडण्याचे ठरविले. ज्यांनी मळे उभे केले, त्यांनाच तेथे राहण्यास मनाई! कामगारांत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांची नजर त्या होड्यांवरून हटून किनाऱ्यावरील माणसांवर स्थिरावते, ती यामुळे.

१७८७ मध्ये आपल्या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट सापडला. त्यात या नगराचे नाव 'श्रीस्थानक' असे आहे. तांब्यावर कोरलेले हे नाव इंग्रजांच्या 'टॅना'पेक्षा साडेसातशे वर्षांनी जुने आहे. त्या दूरच्या बेटावरील भाषेतही 'टाना' या शब्दाचा अर्थ जमीन असाच आहे. दोन्ही नावे पाहुण्यांच्या आधी तेथे नांदणाऱ्यांची होती.

नौपाड्यातून कारागृहाच्या तटाकडे जाताना एवढे ध्यानात ठेवावे. अवतरणाचे कोणतेही चित्र समोर आले की, आपण होडीत बसून ते पाहतो आहोत की किनाऱ्यावर उभे राहून, हे प्रथम स्वतःस विचारावे. आम्ही तरी किनाऱ्यावरूनच पाहतो.