चोवीस तास, एक ग्लास

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. दारूत मिथेनॉल होतं. तसा ग्लास पोटात गेल्यावर शरीर कसं झुंजतं, त्याचा हा नमुन्यादाखल घटनाक्रम. वेळा आणि आकडे माणसागणिक बदलतात.

रात्री ९ : ग्लास रिकामा. नेहमीपेक्षा कमीच चढली, अशी तक्रार.

रात्री १ : माणूस गाढ झोपलाय. यकृत मिथेनॉलचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनवतंय. सोबत साधी दारू असली तर यकृत आधी तिच्या मागे लागतं आणि विष लांबणीवर पडतं. (डॉक्टर उपचारात याचाच फायदा घेतात.)

सकाळी ९ : डोकं जड, मळमळ. उतारा म्हणून लिंबूपाणी. आम्ल झेलता झेलता रक्तातलं बायकार्बोनेट २४ वरून १५ वर आलंय. मेंदूने श्वास वाढवलाय, कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर गेला की आम्लाचा भार तेवढा हलका होतो. पीएच ७.३. अजून निभावतंय.

दुपारी ३ : डोळ्यांपुढे पांढरं धुकं. श्वास खोल, एकसारखा, मिनिटाला तीसेक. घरच्यांना वाटतं, दमा उपटला. खरं तर हा श्वासच त्याला जगवतोय. बायकार्बोनेट ५ वर आलंय, तरी फुप्फुसांनी कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० वरून १५ वर आणून पीएच ७.१ वर धरलाय. दाब ४० वरच राहता, तर पीएच ६.७ झाला असता. त्यावर माणूस सहसा वाचत नाही.

मूत्रपिंडं काय करतायत? त्यांचं काम सुरू झालंय, पण पूर्ण जोर धरायला त्यांना काही दिवस लागतात. किडनीच्या जुनाट रुग्णात आम्ल महिनोन्महिने सावकाश साचतं, हाडंही झिजून ते झेलतात आणि माणूस हिंडत-फिरत राहतो. इथे ती सवड नाही.

संध्याकाळी ६ : छातीचे स्नायू थकले. श्वास उथळ. ‘बरं झालं, शांत झोपला,’ कुणीतरी म्हणतं. कार्बन डायऑक्साइड पुन्हा चढू लागलाय. रुग्णालयातही हीच भीती असते: व्हेंटिलेटर नेहमीच्या १२-१४ च्या वेगावर लावला, तर दिवसभर राखलेला तोल काही मिनिटांत जातो.

रात्री ९ : झटके. हृदय थांबतं.

दारू प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाला धूसर दिसत असेल, धाप लागली असेल, तर त्याला झोपवू नका. डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि तो काय प्यायला, ते डॉक्टरांपासून लपवू नका.