चार हातांतून गेलेले पत्र

युद्धाचा इतिहास बहुधा लढायांचा इतिहास असतो. कोणत्या तारखेला कोणते ठाणे पडले आणि किती माणसे कामी आली, हे आपण शाळेत पाठ करतो. परंतु शिपायाच्या आयुष्यात लढाईचे दिवस मोजकेच. उरलेले दिवस तो भाकरी खातो, कपडे वाळवतो, पहारा देतो आणि घरच्या पत्राची वाट पाहतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायाच्या या उरलेल्या दिवसांकडे, आणि मागे राहिलेल्या त्याच्या पत्नीकडे, आम्ही येथे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

२६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी फौजेच्या पहिल्या तुकड्या फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरल्या. मुंबई आणि कराचीहून निघालेली त्यांची जहाजे सुवेझ कालव्यातून गेली होती. हे शिपाई बहुतांशी पंजाब, सरहद्द प्रांत, गढवाल आणि नेपाळ येथील शेतकरी कुटुंबांतले. साध्या शिपायाचा पगार महिना अकरा रुपये. ऑक्टोबर महिना सरण्यापूर्वीच ते बेल्जियमच्या हद्दीवरील खंदकांत उभे होते. पुढे आलेल्या हिवाळ्यात खंदकांत पाणी आणि चिखल साचला. अंगावर मात्र उष्ण देशाला साजेसे सुती कपडे होते. लोकरीचे कपडे सर्वांना वेळेवर मिळाले नाहीत.

सरकारने शिधा मात्र विचारपूर्वक ठरविला होता. कणीक, डाळ, तूप, गूळ, चहा, हळद, मिरची, आले, लसूण हे सारे सातासमुद्रापार पोहोचत असे. हिंदू, शीख आणि मुसलमान यांच्या रीतींप्रमाणे बकरी वेगवेगळी कापली जात. आघाडीवरून मागे आल्यावर काही शिपायांना शेतकऱ्यांच्या घरी मुक्काम मिळे. ज्यांचे स्वतःचे मुलगे युद्धावर गेले होते, अशा वृद्ध फ्रेंच स्त्रियांनी या परक्या मुलांची आईच्या मायेने काळजी घेतल्याचे उल्लेख शिपायांच्या पत्रांत सापडतात.

आता या पत्रांकडे वळू. १९१५ च्या वसंत ऋतूपर्यंत हिंदी शिपाई दर आठवड्याला हजारो पत्रे घरी पाठवीत होते. परंतु त्यांतील बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पलटणीतील एखादा साक्षर सोबती शिपायाच्या तोंडून मजकूर ऐकून कागदावर उतरवी. हा पहिला हात. त्यानंतर पत्र पलटणीतील अधिकाऱ्यापुढे जाई. हा दुसरा. पुढे बुलोन येथे हिंदी टपालाच्या तपासणीसाठी खास कचेरी होती. कॅप्टन हॉवेल हे तिचे पहिले प्रमुख. तेथे निवडक पत्रे उघडून वाचली जात आणि त्यांतील उतारे इंग्रजीत करून वरिष्ठांकडे पाठविले जात. हा तिसरा हात. शेवटी पत्र गावी पोहोचे, तेव्हा ते वाचून दाखविण्यासाठी पोस्टमास्तर, शिक्षक किंवा एखादा शिकलेला शेजारी लागे. हा चौथा हात.

आणि पत्नी? ती बहुधा दाराआड उभी राहून ऐके. कित्येकदा पत्र तिच्या नावे नसेच. ते वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे असे. आपल्याकडे ज्या पिढीत पतीचे नाव उखाण्यावाचून ओठांवर येत नसे, त्या पिढीचीच ही स्त्री. तिला उत्तर पाठवायचे तर तेही दुसऱ्याच्या तोंडून आणि दुसऱ्याच्या लेखणीतून. पती-पत्नींनी एकमेकांना सांगायचे ते चारचौघांत कसे सांगावे? म्हणून पत्रांत बैल, शेत, कर्ज, पाऊस आणि मुलांची खुशाली यांचीच चौकशी अधिक. त्या चौकशीत माया नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. हजारो मैलांवरून म्हशीची चौकशी करणारा पती खरोखर कोणाची चौकशी करीत होता, हे ऐकणारीला ठाऊक असणार.

तपासणी होते हे शिपायांनाही कळले होते. त्यांनी आडवळणाची भाषा शोधली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशा खुणा पत्रांत येऊ लागल्या. जखमींना इंग्लंडमधील ब्रायटनच्या राजवाड्यात ठेवले होते. तेथे निरनिराळ्या रीतींसाठी नऊ स्वयंपाकघरे होती. परंतु बरे झालेल्या माणसाला घरी न पाठविता पुन्हा खंदकात पाठवितात, ही तक्रार त्या राजवाड्यातूनही घरी जाण्यासाठी धडपडत होती.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलविण्यात आले आणि त्यातील बराच भाग मेसोपोटेमियात गेला. आजचा इराक तो हाच. तेथे पुणे डिव्हिजन आधीपासून लढत होती, आणि तिच्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या कुट येथे तुर्की वेढ्यात सापडल्या. कोकणातील आणि देशावरील घरांशी असलेले नेहमीचे टपाल तुटले. वेढ्यानंतर आली ती कैद, आणि त्या कैदेतून अनेकजण परतले नाहीत.

या आघाडीवर मेलेल्यांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या. ही असमान वागणूक होती, हे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात मान्य केले. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस माणसे गमावली. ती संख्या आपण अभिमानाने सांगतो. किती स्त्रिया वाट पाहत राहिल्या, याचा आकडा कोठेच नाही.

फ्रान्समधून लिहिलेल्या पत्रांचे उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्या सरकारने संशयापोटी ती उघडली, त्याच्याच दप्तरामुळे ती टिकली. मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली आणि शिपायाची बोली इंग्रजीत हरवली. पण निदान त्याचे काही शब्द उरले. घरून गेलेल्या पत्रांत स्त्रीचा आवाज त्याहून फारच विरळ आहे.

आमच्या वाचकांच्या कुटुंबांतूनही अनेकजण जहाजांवर आणि आखाती देशांत नोकरीसाठी गेले. त्या काळची पत्रे कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या कपाटाच्या तळाशी अजून असतील. घर आवरताना ती रद्दीत जाऊ देऊ नयेत, अशी आमची विनंती आहे. त्याची पत्रे जपाच. पण तिने पाठविलेली एखादी त्याच्या पेटीत सापडली, तर ती आधी बाजूला काढून ठेवा.