रेल्वे क्रीपरची कुळकथा

मुंबईतल्या माहुलगावाकडे जाताना मालगाडीच्या रुळांलगतचं तारेचं कुंपण जागोजागी दिसेनासंच झालंय. त्यावर फिकट जांभळ्या कर्ण्यांची वेल चढलीय. सकाळी टवटवीत असलेली ही फुलं दुपार कलली की मिटतात. नाव विचारलं तर उत्तर येतं, ‘रेल्वे क्रीपर’. मराठी नाव विचारलं की सगळे गप्प.

पान तळहातावर घेऊन पाहा. पाच बोटांचा पंजा, आणि देठाच्या बुडाशी बऱ्याचदा तसाच एक चिमुकला पंजा.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५९ साली तिच्या शास्त्रीय नावात कैरो शहर घातलं. आज ती आयपोमिया कैरिका. पण ती एकट्या कैरोची नव्हे, आफ्रिकेच्या उष्ण पट्ट्यात पूर्वीपासून आहेच. आपल्याकडे आली शोभेसाठी. रेल्वेला कुंपणं झाकायला झटपट वाढणारी, पाणी न मागणारी वेल हवी होती; ही सापडली. श्रीलंका-मलेशियातही तिला रेल्वेचंच नाव आहे. म्हणजे एक नाव सापडल्या जागेचं, दुसरं मिरवलं त्या जागेचं. माहेरचं एकही नाही!

भाऊबंद मात्र ओळखीचे. उपासाचं रताळं आयपोमियाच, नाळीची भाजीही. वाळूच्या किनाऱ्यावर समुद्राची हद्द आखणारी मर्यादावेल तिची सख्खी चुलत बहीण, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरमही. एकाच घरात मर्यादा आणि बेशरम! नावं ठेवण्यात मराठी माणसाचा हात कोण धरणार? माहुलची खाडी चिखलाची, त्यामुळे मर्यादावेल इथे भेटत नाही. चुलत बहिणीनं मात्र मर्यादा केव्हाच सोडलीय.

१९५४-५५मध्ये इथे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पाठोपाठ भराव, साइडिंगचे रूळ, भिंती आणि तारा. उघडी माती, भरपूर ऊन, चढायला आधार. वेलीला आणखी काय लागतं? एखादी फांदी ओढून पाहिलीत तर कळेल: जमिनीला टेकलेल्या पेरापेराला पांढरी मुळं. बी धरो न धरो, तुटलेला तुकडा पुन्हा रुजतो. झाडावर चढली की शेंड्यावर चादर पसरते आणि खालच्या पानांना ऊन मिळत नाही.

म्हणून कुंपण साफ करणाऱ्यांना एवढंच सांगणं: कापलेली वेल नाल्याकाठी किंवा तिवरांत भिरकावू नका. गोणीत भरा, कडक उन्हात पार वाळवा, मगच टाका.