एक नाव, दोन मोथे

मृगाचा पाऊस पडला, की आमच्या दिग्रसच्या काळ्या रानात कपाशीआधी मोथा वर येतो. डवरा फिरवा, निंदण करा. मातीत गाठ राहिली, की तो पुन्हा हजर!

आपण त्याला गवत म्हणतो; पण तो गवत नव्हे. गवताची काडी बहुधा गोल व पोकळ असते. मोथ्याची काडी तिधारी व भरीव. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली त्याला 'सायपेरस रोटंडस' हे नाव दिले आणि फुलातले पुंकेसर मोजून तीन केसरांच्या वर्गात बसवले. 'सायपेरस' हा शब्द मूळचा ग्रीक. 'रोटंडस' म्हणजे गोल. १७८९ मध्ये फ्रान्सच्या जुस्यूने या वनस्पतींचे कुळच वेगळे मांडले.

आपल्याकडे त्याला नावे आधीपासूनच होती. वैद्य 'मुस्ता' म्हणत, हकीम इराकमधल्या कूफा शहरावरून 'साद कूफी'. शेतकऱ्याला छळणारा मोथा दोघांनीही पोटाच्या दुखण्यावर वापरला.

मग लॅटिन नाव कशाला? बाजारात 'नागरमोथा' मागा. अत्तरवाल्यांचा नागरमोथा म्हणजे 'सायपेरस स्कॅरिओसस', रॉबर्ट ब्राउनने १८१० साली नाव दिलेली वेगळी जात. पुडीवर नाव एकच, आतली मुळी मात्र दुसरी असू शकते.

एका वस्तूला दहा नावे असली, तर माझ्यासारख्या कवीला आनंदच होतो. दोन वस्तूंना एकच नाव असले, तर त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते. औषधाच्या पुडीवर मराठी नावाशेजारी ते परके नावही असावे, असे मला वाटते ते म्हणूनच.