हॉटेलची ग्रेव्ही आणि घरचं येसर

‘‘आज पनीर हॉटेलसारखं कर.’’ छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात ही फर्माईश आठवड्यातून एकदा तरी होतेच. मागणाऱ्याला लाल, गुळगुळीत, वर तवंग आलेला रस्सा हवा असतो. कांद्या-टोमॅटोचा तुकडा दाताखाली यायला नको असतो. माझ्या आजीला ही मागणी कळलीच नसती. तिच्या लेखी हॉटेल म्हणजे चहा-भजी. आमटीचं कौतुक करायचं तर ‘अगदी पंगतीतल्यासारखी झालीय’ असं ती म्हणायची. दोन पिढ्यांत पंगतीची जागा हॉटेलनं घेतली. ती कशी घेतली, हे शोधताना मी बरीच लांब जाऊन आले.

आधी शब्द. ‘करी’ आपल्या घरात कोणी म्हणत नाही. आपलं कालवण असतं, रस्सा असतो, आमटी असते. तमिळमधला ‘कऱी’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘कारिल’ झाला, तिथून इंग्रजांकडे गेला, आणि 1747 साली लंडनमध्ये छापलेल्या हॅना ग्लास यांच्या पाककृतींच्या पुस्तकात तो पदार्थ म्हणून आलासुद्धा. आपल्याकडे तो परतला तो मेनूकार्डावरून, काजू करी आणि एग करी होऊन.

शब्द जुना असला तरी ही लाल ग्रेव्ही मात्र ताजी आहे. तिचं घराणं दिल्लीच्या दर्यागंजचं. पेशावरच्या गोरा बाजारात तंदूर चालवण्याचं काम शिकलेले कुंदनलाल गुजराल 1947 च्या फाळणीत दिल्लीला आले आणि भागीदारांसोबत त्यांनी दर्यागंजला ‘मोती महल’ उभं केलं. तंदुरी कोंबडी टांगून ठेवली की कोरडी पडते. ती वाया जाऊ नये म्हणून टोमॅटो, लोणी आणि साय यांच्या रश्श्यात ती सोडली आणि बटर चिकन जन्मलं, अशी कथा सांगतात. ते नेमकं कोणाच्या हातून झालं, गुजरालांच्या की त्यांचे भागीदार कुंदनलाल जग्गी यांच्या, हा वाद 2024 च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मला त्यात एवढंच दिसतं की घरदार सोडून आलेल्या माणसांनी उरलेलं अन्न टाकायचं नाही म्हणून केलेली ही युक्ती होती. आज तिला आपण श्रीमंती थाटाचं जेवण समजतो.

त्या रश्श्यातले जिन्नसही लांबून आलेले. टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातल्या. टोमॅटोला विदर्भात ‘भेदरं’ म्हणतात, जुन्या मराठीत ‘बेलवांगी’. म्हणजे आपल्या लोकांनी त्याला वांग्याच्या कुळात बसवून घेतलं, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणला आणि नावही तिकडचंच राहिलं. कसुरी मेथी ज्या कसूर गावाच्या नावानं ओळखली जाते ते आता पाकिस्तानात आहे, आणि आपल्या डब्यातली मेथी बहुतेक राजस्थानातल्या नागौरची असते.

आमच्या शहराला मात्र तंदूर दिल्लीकडून 1947 नंतर शिकावा लागला नाही. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली. त्याच्या लष्करासोबत नान-खलिया आला, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. नान तंदूरातली, वर पिवळसर तकाकी असलेली. खलिया म्हणजे देगेत शिजलेलं मटण, वर बोटभर तर्री. शहागंजच्या बाजूला आजही तो मिळतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नान-खलिया घरी करून बघावा असं फारसं कोणाच्या मनात येत नाही. तो भटियाऱ्याचा, शेकडो माणसांसाठी एका वेळी शिजणारा पदार्थ. लोक डबा घेऊन जातात आणि विकत आणतात. बाहेरचा पदार्थ बाहेरच राहू द्यावा, एवढा समजूतदारपणा या शहरात होता.

तो पंजाबी ग्रेव्हीच्या वेळी सुटला. 1983 मध्ये अजिंठा आणि वेरूळची लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. बाहेरगावचे पाहुणे, बाहेरगावचे साहेब आणि कामगार, आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी नवी कुटुंबं, या सगळ्यांना चालेल असं एकच मेनूकार्ड लागलं. रेल्वे स्टेशन आणि क्रांती चौक यांच्यामधला आमचा उस्मानपुरा त्या वाटेवरच पडतो. संत एकनाथ रंगमंदिरातलं नाटक सुटलं की बाहेर जेवायचं, आणि बाहेर म्हणजे पनीर, ही सवय आमच्या पिढीला तेव्हाच लागली.

आणि ती चव घरी आणायची साधनंही एकेक करून ओट्यावर येऊन बसत होती. पाट्यावर काजू-टोमॅटो एवढा गुळगुळीत वाटणं म्हणजे खांदे मोडून घेणं. ‘सुमीत’ मिक्सर 1963 मध्ये आला आणि हळूहळू पाटा-वरवंटा गॅलरीत गेला. मराठी स्वयंपाकघराला नेमक्या प्रमाणाची शिस्त लावणारं कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 चं. त्याच वर्षी सुरू झालेल्या दूध महापूर योजनेनंतर पिशवीतलं दूध, मग पनीर आणि क्रीम शहरोशहरी पोहोचलं. 1993 पासून संजीव कपूर ‘खाना खजाना’मधून थेट घरात येऊन शिकवू लागले. साहित्य आलं, कृती आली. तरी भाजी हॉटेलसारखी होत नव्हती.

का होत नव्हती, ते मला स्टेशन रोडवरच्या एका भटारखान्यात कळलं. संध्याकाळचे पाच वाजलेले, गिऱ्हाईक नव्हतं. वस्तादांच्या पायाशी चार मोठी भगुनी झाकून ठेवलेली: लाल, पांढरी, पिवळी आणि तपकिरी. लाल टोमॅटोची, पांढरी काजू आणि मगज बियांची, पिवळी उकडलेल्या कांद्याची, तपकिरी तळलेल्या कांद्याची. ऑर्डर आली की कढईत तेल, आलं-लसूण, मग दोन भगुन्यांतला एकेक पळा, मसाला, पनीर, आणि तळहातावर चुरडलेली कसुरी मेथी. पाच-सात मिनिटांत ताट बाहेर. भाजी त्या पाच मिनिटांत होतच नव्हती. ती सकाळी नऊपासून होत होती. आपण मात्र घरी रात्री आठ वाजता कांदा चिरायला घेतो आणि साडेआठला ती चव मागतो.

कांद्यात जवळजवळ 89 टक्के पाणी असतं. ते उडून गेल्याशिवाय कढईतला कांदा 100 अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. हॉटेलची भट्टी हे पाणी झपाट्यानं उडवते. घरच्या शेगडीवर किलोभर कांद्याला पाऊण तास द्यावा लागतो. आधी तो घाम सुटल्यासारखा ओला होतो, मग कढईला चिकटायला लागतो, मग आवाज बदलतो. चरचर बारीक झाली की समजायचं, पाणी संपलं. इथे घाई केली की ग्रेव्ही कच्चट गोड लागते आणि मग ती चव झाकायला आपण वरून गरम मसाला ओततो. माझ्या निम्म्या भाज्या अशाच बिघडल्या. काश्मिरी तिखटही उकळत्या तेलात टाकून काळं करायची माझी सवय होती. गॅस बंद करून, तेल जरा निवल्यावर ते घातलं की हॉटेलचा तो लाल रंग येतो. खायचा रंग लागत नाही.

ती भगुनी पाहून परत येताना मला आजीचा येसराचा डबा आठवला. मराठवाड्यात लग्नघरी येसर दळलं जायचं: बाजरी किंवा गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ, धने, जिरे, सगळं वेगवेगळं खमंग भाजून. भाजणी आणि मसाला एकाच डब्यात. पाहुणे अवचित आले की फोडणी, पाणी, काळं तिखट, दोन चमचे येसर, आणि दहा मिनिटांत दाट आमटी पंगतीत. वेळखाऊ काम आधी उरकून ठेवायचं आणि ऐन वेळी फक्त उकळी आणायची. वस्तादांच्या भगुन्यांमागचं गणित तेच होतं. आजीला हॉटेलची गोष्ट कळली नसती असं मी वर म्हटलं, ते चुकलंच. तिला ती आमच्या सगळ्यांच्या आधी कळलेली होती.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी किलोभर कांदा परतायला ठेवते, किलोभर टोमॅटो आणि शंभर ग्रॅम काजू उकडून वाटते आणि सगळं एकत्र, तेल सुटेपर्यंत परतून, लहान डब्यांत फ्रीजरला लावते. पनीर आता खरंच हॉटेलसारखं होतं. पण शेजारच्या बरणीत येसरही असतं, आणि ते मिळवणं जास्त अवघड गेलं. आजीनं प्रमाण कुठे लिहून ठेवलं नव्हतं. मावशीच्या मुठीनं मोजून, दोनदा फसून ते जुळलं. ग्रेव्हीची कृती तुम्हाला कुठेही सापडेल. तुमच्या घरात येसर करणारं कोणी अजून असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या मुठी वाटीनं मोजून लिहून घ्या.