‘असा एखादा प्रसंग सांगा...’ इंटरव्ह्यूमधल्या या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं?

“टीममध्ये कुणाशी तुमचं पटलं नाही, असा एखादा प्रसंग सांगा.”

टेक्निकल प्रश्न नीट पार पडलेले असतात आणि एचआरकडून हा प्रश्न येतो. बरेच जण “नाही सर, माझं सगळ्यांशी जमतं” म्हणून विषय संपवतात. यातून समोरच्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

याला बिहेवियरल प्रश्न म्हणतात. “तुम्ही काय कराल?” असं विचारलं तर कुणीही आदर्श उत्तर देईल. म्हणून “तुम्ही काय केलंत?” असं विचारतात. माणूस मागे जसा वागला तसाच पुढे वागण्याची शक्यता जास्त, हा त्यामागचा हिशेब. या विचाराचं एक मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी तिथल्या हवाई दलासाठी काम करताना प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा करून चांगलं काम कशाला म्हणायचं, हे शोधलं. त्यावरचा त्यांचा प्रसिद्ध लेख 1954 चा.

आज सगळीकडे सांगितली जाते ती ‘स्टार’ पद्धत, म्हणजे सिच्युएशन, टास्क, अॅक्शन आणि रिझल्ट. अॅमेझॉनसारखी कंपनी तर आपल्या 16 लीडरशिप प्रिन्सिपल्सवर असे प्रश्न विचारते आणि उत्तर ‘स्टार’मध्ये द्या, असं उमेदवारांना आधीच सांगते.

गाडी अडते ती अॅक्शनवर. “मी केलं” म्हणणं आपल्याकडे फुशारकी वाटते, त्यामुळे तोंडातून ‘आम्ही’च येतं. “गॅदरिंगला अडचण आली होती, पण आम्ही सगळ्यांनी मिळून मॅनेज केलं.” यात तुम्ही कुठे आहात?

त्याऐवजी हे बघा: “स्टेजची जबाबदारी माझ्याकडे होती. चार दिवस आधी मंडपवाल्याने नकार दिला. मी तिघांना फोन केले. जो तयार झाला तो सहा हजार जास्त मागत होता. खजिनदार ऐकेना. मी त्याच्यासोबत बसून लायटिंगचा खर्च कमी केला. कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला, पण झाला.” पटणं-न पटणं, पैसे, निर्णय, सगळं आलं. आणि खरं सांगायचं तर तो अर्धा तास उशीरच हे उत्तर खरं वाटायला लावतो.

फ्रेशर म्हणतात, आम्हाला अनुभवच नाही. एनएसएसचं शिबिर, गणेश मंडळाचा हिशेब, घरच्या दुकानाची थकलेली उधारी, हे सगळं चालतं. नेटवरून पाठ केलेली गोष्ट मात्र टिकत नाही. “मग तो काय म्हणाला?”, “किती दिवस लागले?” असे दोन उपप्रश्न आले की ती उघडी पडते.

अपयशाबद्दल विचारलं तर “मी फार परफेक्शनिस्ट आहे” नको. एचआरचे कान किटलेत त्याने. खरी चूक सांगा, त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदललंत तेही सांगा. जुन्या बॉसची उणीदुणी काढू नका.

तयारीसाठी खरे पाच-सहा प्रसंग एका कागदावर लिहून काढा. इंग्रजीचं दडपण असेल तर आधी मराठीत लिहा. मोठ्याने बोलून वेळ लावा. दोन मिनिटांच्या वर जात असेल तर बहुतेक वेळा सिच्युएशनच लांबलेली असते, ती कापा. आणि ऐनवेळी काहीच आठवलं नाही, तर “एक मिनिट विचार करून सांगू का?” असं विचारलेलं चालतं.